लशीतील सॅपोनिन आणि रिठ्याचा काढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्यात तयार होणाऱ्या मलेरियाच्या लशीत दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या सालीचा अर्क असतो, अशा आशयाचा लेख आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाला. ही माहिती बहुतेक वाचकांना नवी असणार आणि ती मराठीत दिल्याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत. मात्र लेखात झाडाचे वर्णन जितके रंगले, तितकी त्या सालीतून प्रत्यक्ष लशीपर्यंत काय पोहोचते याची माहिती आली नाही. परिणाम असा झाला की आमच्या कोथरूड परिसरात त्या लेखाचे कात्रण दोन परस्परविरोधी संदेशांना जोडून मोबाइलवर फिरू लागले. लशीत साबणासारखे रसायन मिसळलेले असते आणि नागिणीच्या लशीतही ते आहे, तेव्हा ज्येष्ठ नागरिकांनी ती घेऊ नये, असे एक संदेश सांगतो. दुसऱ्याचे म्हणणे असे, की रिठ्यातही तेच द्रव्य, म्हणजे सॅपोनिन, असल्यामुळे रोज सकाळी रिठ्याचा काढा घेतला की लशीवर खर्च करण्याची गरज उरत नाही. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवण्यात आणि वनस्पतींतील द्रव्ये वेगळी करण्यात माझी नोकरी गेली. या दोन्ही निष्कर्षांचे मूळ एकाच गैरसमजात आहे असे मला वाटते. लशीच्या कामगिरीचे श्रेय सालीला दिले की सालीसारखे दिसणारे सगळेच एक तर औषध ठरते, नाही तर विष. हे श्रेय वास्तविक त्या सालीवर झालेल्या शुद्धीकरणाच्या आणि मात्रा ठरवण्याच्या कामाचे आहे.

सॅपोनिने हा वनस्पतीजन्य संयुगांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्या रेणूचा गाभा ट्रायटर्पिन किंवा स्टेरॉइड जातीचा, म्हणजे मेदाशी सलगी करणारा असतो आणि त्याला जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या पाण्यात रमणाऱ्या असतात. या दुहेरी स्वभावामुळे त्यांच्या द्रावणाला फेस येतो. रिठा, शिकेकाई आणि हिंगणबेट यांत ती भरपूर असतात, हरभरा आणि सोयाबीन यांतही थोडीफार असतात. ज्येष्ठमधाला गोडी देणारे ग्लिसिऱ्हायझिन, ब्राह्मीतील बॅकोसाइडे आणि शतावरीतील शतावरिने हीसुद्धा सॅपोनिनेच. पण एका कुळातली म्हणून त्यांचे गुण सारखे असतात असे मुळीच नाही. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि भरपूर खाल्ला तर रक्तातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो, ब्राह्मीबाबत तसे घडत नाही. गाभ्यावर एखादी शर्करा इकडची तिकडे झाली तरी रेणूचे वर्तन बदलते. तेव्हा 'सॅपोनिन चांगले की वाईट' हा प्रश्नच नीट मांडलेला नाही.

प्रयोगशाळेत या संयुगांचे महत्त्व त्यांच्या एका विशिष्ट गुणामुळे आहे. यांतील अनेक सॅपोनिने पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला चिकटतात आणि पटलाला छिद्रे पाडतात. तांबड्या रक्तपेशींच्या द्रावणात सॅपोनिनाचे काही थेंब टाकले, तर गढूळ द्रावण पाहता पाहता लाल आणि पारदर्शक होते, कारण पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलेले असते. डिजिटॅलिस वनस्पतीच्या बियांतून मिळणारे डिजिटोनिन हे या वर्गातील एक प्रसिद्ध संयुग आहे. ते कोलेस्टेरॉलशी संयोग पावून साका बनवते, हे जर्मन रसायनज्ञ आडोल्फ विंडाउस यांनी १९०९ मध्ये दाखवले आणि पुढे कित्येक दशके रक्तातील कोलेस्टेरॉल मोजण्यासाठी त्याचा उपयोग झाला. (याच वनस्पतीच्या कुळातून मिळणारे डिगॉक्सिन हे हृदयरोगावरील औषध निराळे. नावे जवळची असल्याने विद्यार्थी हमखास घोटाळा करतात.) आजही पेशीशास्त्राच्या प्रयोगांत डिजिटोनिन अगदी बेताने वापरले, की पेशीचे बाहेरचे पटल उघडते, पण आतल्या मायटोकाँड्रिया बऱ्याच अंशी शाबूत राहतात, कारण त्यांच्या पटलांत कोलेस्टेरॉल फार कमी असते. मलेरियावर संशोधन करणारे लोक तर सॅपोनिनाशिवाय कामच करू शकत नाहीत म्हटले तरी चालेल. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत वाढतो. त्याला अभ्यासासाठी बाहेर काढायचे, तर पातळ सॅपोनिनाच्या द्रावणाने पेशीचे कवच फोडायचे आणि परजीवी खाली बसवून गोळा करायचा, ही तेथील नित्याची पद्धत आहे. म्हणजे एकीकडे ज्या वर्गातील द्रव्याने मलेरियाग्रस्त रक्तपेशी फोडल्या जातात, त्याच वर्गातील द्रव्य मलेरियाच्या लशीत बालकांना टोचले जाते. हा विरोधाभास समजून घेतल्याशिवाय पहिल्या संदेशाला उत्तर देता येत नाही.

प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद वाढावा म्हणून लशीत असे काही, म्हणजे सहायक घटक, मिसळण्याची कल्पना घोड्यांमुळे सुचली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गास्ताँ रामाँ हे पशुवैद्य घटसर्पाच्या प्रतिविषासाठी घोडे बाळगत असत. ज्या घोड्याच्या अंगावर टोचल्या जागी गळू होते, त्याच्या रक्तात प्रतिविष अधिक मिळते, असे त्यांच्या लक्षात आले. मग १९२५ च्या सुमारास त्यांनी टोचणीच्या द्रवात साबुदाण्यासारखा टॅपिओका, पावाचा चुरा, अगार अशा नाना वस्तू मिसळून पाहिल्या आणि त्या यादीत सॅपोनिनही होते. पुण्याच्या वाचकांना हे घोड्यांचे प्रकरण परके वाटू नये, कारण १९६६ मध्ये हडपसरला सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही घोड्यांच्या रक्तद्रवापासूनच झाली. माणसांच्या लशींत मात्र रामाँ यांच्या प्रयोगांनंतर सुमारे सत्तर वर्षे अ‍ॅल्युमिनियमचे क्षारच वापरात राहिले. सॅपोनिन गुरांकडे गेले. १९५१ मध्ये अर्जेंटिनात एस्पिनेट यांनी लाळ-खुरकुताच्या लशीत ते वापरले आणि नंतर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड अधिक सॅपोनिन ही जोडी भारतासह अनेक देशांतील पशुवैद्यकात रुळली. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या गायी-म्हशींनी, बातमी होण्याच्या कितीतरी आधी, सॅपोनिन टोचून घेतलेले आहे. टोचल्या जागी गाठ येते आणि एक-दोन दिवस दूध कमी होते ही त्यांची तक्रारही जुनीच.

गुरांना चालले ते माणसाला का चालले नाही, याचे कारण सालीच्या कच्च्या अर्कात आहे. चिलीच्या मध्य भागात वाढणाऱ्या या सदाहरित झाडाला तेथे किल्याय म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव क्विलाजा सॅपोनारिया. तेथील मापुचे लोक त्याची साल धुण्यासाठी वापरत. शीतपेयांवर फेस टिकवण्यासाठीही तिचा अर्क वापरला जातो. त्या अर्कात टॅनिने, शर्करा आणि एकमेकांसारखी दिसणारी डझनावारी सॅपोनिने यांची खिचडी असते. १९७४ मध्ये डेन्मार्कचे क्रिस्टियान डाल्सगार्ड यांनी त्यातून क्विल-ए हा बऱ्यापैकी स्वच्छ अंश मिळवला. तो पशुवैद्यकात उपयोगी पडला, पण माणसांसाठी पुरेसा सौम्य नव्हता. १९९१ मध्ये अमेरिकेत शार्लट केन्सिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च दाबाच्या द्रव क्रोमॅटोग्राफीने ते मिश्रण अंशाअंशाने वेगळे केले आणि प्रत्येक अंश किती प्रतिपिंडे (अँटीबॉडी) निर्माण करतो व किती रक्तपेशी फोडतो हे तपासले. आलेखावरील एकविसाव्या शिखराचा अंश उत्तम निघाला, म्हणून त्याचे नाव क्यूएस-२१. हे नाव पाहिले तरी आधीच्या वीस आणि नंतरच्या कित्येक अंशांवर किती श्रम झाले असतील याची कल्पना येते. आपल्या लेखातून हीच वर्षे गळली आहेत.

एवढ्यावरही काम संपले नव्हते. शुद्ध क्यूएस-२१ नुसते टोचले तर फार दुखते, ते रक्तपेशींना अपाय करू शकते आणि साठवणीत त्याची एक आम्लसाखळी तुटून ते निकामी होते. यावर जो उपाय सापडला तो मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत देखणा भाग वाटतो. ज्या कोलेस्टेरॉलचा शोध घेत सॅपोनिन पेशीपटलावर जाऊन आदळते, ते कोलेस्टेरॉल त्याला लशीतच देऊन टाकायचे. नागिणीच्या शिंग्रिक्स या लशीत क्यूएस-२१ हे कोलेस्टेरॉलयुक्त अतिसूक्ष्म मेदगोलांमध्ये, म्हणजे लायपोसोममध्ये, बांधलेले असते. तलवार म्यानात ठेवल्यासारखी त्याची पेशी फोडण्याची ताकद त्यामुळे आवरली जाते, पण प्रतिकारशक्तीला जागे करण्याची ताकद शिल्लक राहते. स्वीडनमध्ये ब्रोर मोरेइन यांनी १९८४ मध्ये याच तत्त्वावर सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांचे सुमारे चाळीस नॅनोमीटरचे जाळीदार पिंजरे तयार करून दाखवले होते. उप्साला येथे विकसित झालेला आणि नंतर नोव्हावॅक्स कंपनीकडे गेलेला मॅट्रिक्स-एम हा घटक त्या पिंजऱ्यांचाच वंशज आहे. त्यात क्विलाजाचे दोन अंश वेगवेगळ्या पिंजऱ्यांत बांधून ८५ आणि १५ या प्रमाणात मिसळलेले असतात. अधिक प्रभावी पण अधिक तिखट अंशाचा वाटा मुद्दाम लहान ठेवलेला आहे.

आता आकड्यांकडे येतो, कारण लेखात एकही मात्रा दिलेली नव्हती. शिंग्रिक्सच्या अर्ध्या मिलिलिटरच्या एका मात्रेत क्यूएस-२१ पन्नास मायक्रोग्रॅम असते. त्याच्या जोडीला साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातील मेदद्रव्याचे निर्विष केलेले रूप तितकेच असते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आणि पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवत असलेल्या आर-२१ या मलेरियाच्या लशीत बालकासाठी प्रथिन पाच मायक्रोग्रॅम आणि मॅट्रिक्स-एम पन्नास मायक्रोग्रॅम असते. करोनाच्या काळात याच संस्थेने बनवलेल्या कोवोव्हॅक्समध्येही तेवढेच मॅट्रिक्स-एम होते, म्हणजे पुण्यातील काही वाचकांनी क्विलाजाचे सॅपोनिन यापूर्वीच घेतलेले असेल. पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. मलेरियाच्या लशीच्या वर्षाला दहा कोटी मात्रा बनवण्याची क्षमता संस्थेने जाहीर केली आहे. तेवढ्या मात्रांना मिळून मॅट्रिक्स-एममधील शुद्ध सॅपोनिन फक्त पाच किलो लागेल. वाचकाने हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

एवढ्याशा द्रव्याने काय साधते, याचे उत्तर बुर्किना फासोतील नानोरो येथे झालेल्या चाचणीत मिळते. पाच ते सतरा महिन्यांच्या ४५० बालकांपैकी एका गटाला आर-२१ बरोबर २५ मायक्रोग्रॅम, दुसऱ्याला ५० मायक्रोग्रॅम मॅट्रिक्स-एम दिले गेले आणि तिसऱ्या गटाला तुलनेसाठी रेबीजची लस. सहा महिन्यांत मलेरियापासूनचे संरक्षण पहिल्या गटात ७४ टक्के, दुसऱ्यात ७७ टक्के आढळले. हा फरक लहान आहे आणि तेवढ्यावरून कोणी मोठा दावा करू नये, पण प्रतिपिंडांची पातळी दुसऱ्या गटात अधिक होती आणि पुढील कामासाठी तीच मात्रा निवडली गेली. नंतर बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानिया या देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत, जेथे मलेरिया ठरावीक हंगामात येतो तेथे संरक्षण ७५ टक्के आणि जेथे तो वर्षभर असतो तेथे ६८ टक्के भरले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये या लशीची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये प्रत्यक्ष लसीकरण सुरू झाले. २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती. हडपसरच्या बातमीचे वजन या आकड्याच्या शेजारी ठेवूनच कळते.

तेव्हा 'लशीत साबण असतो' या संदेशाला माझे उत्तर असे, की फेस येणारे प्रत्येक द्रव्य साबण नसते आणि लशीत ते बांधलेल्या रूपात, ठरलेल्या मात्रेत असते. म्हणून ती लस घेतल्यावर काहीच होत नाही, असे म्हणणेही खोटेपणाचे होईल. शिंग्रिक्स घेतलेल्या दर दहांपैकी सात ते आठ जणांचा दंड दुखतो. अंगदुखी, थकवा, कणकण हेही बऱ्याच जणांना एक-दोन दिवस जाणवते. प्रतिकारशक्तीला मुद्दाम हाक दिल्याचा तो परिणाम असतो आणि डॉक्टरांनी तो आधी सांगून ठेवला, तर निम्मी भीती कमी होईल. पन्नाशीवरील व्यक्तींच्या चाचणीत त्या लशीने नागिणीपासून दिलेले संरक्षण ९७ टक्के होते. नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने टिकणारी मज्जातंतूंची आग ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. लस महाग आहे, सर्वांना परवडणारी नाही आणि ज्याला त्याला ती हवीच असेही नाही. पण तो निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलून व्हावा, मोबाइलवरील कात्रणावरून नव्हे.

दुसरा संदेश मला अधिक काळजीचा वाटतो, कारण त्यावर लोक खरोखर अंमल करू लागले आहेत. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत रिठे आणि शिकेकाई पूर्वीपासून मिळतात, ती केस धुण्यासाठी, रेशमी आणि लोकरी वस्त्रांसाठी, सोनारांना दागिने उजळण्यासाठी. तो उपयोग चांगलाच आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. काढा करून पिणे ही गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. पोटात गेलेली सॅपोनिने आतड्यातून रक्तात फारशी शोषली जात नाहीत, तेव्हा लशीत स्नायूमध्ये टोचल्यावर जे घडते ते काढा पिऊन घडण्याचा संभवच नाही. शिवाय लशीतील सहायक घटक एकटा कोणत्याच रोगापासून वाचवत नाही. त्याच्याबरोबर त्या रोगजंतूचे नेमके प्रथिन असावे लागते, रिठ्यात नागिणीच्या विषाणूचे प्रथिन कोठून येणार? पिण्याने जे घडते ते एवढेच, की घसा आणि जठराचे अस्तर खवखवते, मळमळते, उलट्या-जुलाब होतात. आपल्या परंपरेला हे चांगले माहीत होते. गेळ्याच्या फळाला, म्हणजे मदनफळाला, आयुर्वेदाने वमनाच्या द्रव्यांत अग्रस्थान दिले, त्या फळातही सॅपोनिने आहेत. गेळ्याचीच फळे ठेचून डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीत डोंगरी भागांत होती, कारण माशांच्या कल्ल्यांतून ही द्रव्ये थेट भिनतात. 'झाडपाल्याचे आहे, अपाय कसा होईल' असे म्हणणारे परंपरेच्या नावाने बोलतात, पण परंपरेने या झाडांचे जे ज्ञान जपले ते त्यांच्या तीव्रतेचेच आहे. लहान मुलांना किंवा वृद्धांना हा काढा कोणीही देऊ नये. रिठ्याचे पाणी पोटात जाऊन उलट्या थांबत नसतील, तर घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे.

रिठा आणि क्विलाजा यांची तुलना करणाऱ्यांच्या बोलण्यात एक धागा मात्र विचार करण्यासारखा आहे आणि तो उपहासाने सोडून देऊ नये असे मला वाटते. माणसांच्या लशींत आज मान्यता मिळालेली सॅपोनिने सगळी एकाच परदेशी झाडाची आहेत. चिलीत या झाडांच्या तोडीवर सरकारी नियंत्रण आहे, दुष्काळ आणि वणवे यांचा तेथील जंगलांवर ताण आहे आणि सालीतून क्यूएस-२१ फार थोडे हाती लागते. केवळ साल न सोलता छाटलेल्या फांद्या आणि पाने यांपासून सॅपोनिन काढण्याच्या पद्धती आल्या, ऊतीसंवर्धनाचे प्रयत्न चालू आहेत. २००५-०६ मध्ये डेव्हिड जिन यांच्या गटाने हा सुमारे दोन हजार रेणुभाराचा रेणू प्रयोगशाळेत मुळापासून जोडून दाखवला, पण तो मार्ग इतका लांबलचक आहे की कारखान्यात तो परवडणारा नाही. २०२३-२४ मध्ये ब्रिटनच्या जॉन इनेस सेंटरमधील अ‍ॅन ऑस्बर्न यांच्या गटाने झाड हे सॅपोनिन कसे घडवते त्याची जनुकीय वाट उलगडली. २०२४ मध्ये अमेरिकेत जे कीसलिंग यांच्या गटाने ३८ परकी एन्झाइमे यीस्टमध्ये घालून क्यूएस-२१ साखरेपासून तयार केले. या यशाच्या बातम्या जगभर झळकल्या, पण त्या यीस्टचे उत्पादन लिटरमागे शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे एक लिटर द्रवातून नागिणीच्या लशीच्या जेमतेम दोन मात्रा. हा आकडा पुढे वाढेलच. तूर्त तरी पुण्यातून आफ्रिकेला जाणाऱ्या प्रत्येक कुपीमागे चिलीतील एक डोंगरउतार उभा आहे.

आपल्या झाडांकडे या दृष्टीने कोणी पाहिले आहे का? तुरळक प्रयत्न झाले आहेत, नाही असे नाही. रिठ्याच्या सॅपोनिनांपासून शुक्राणुनाशक मलम करण्याचे काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झाले. उंदरांवर रिठा, शतावरी इत्यादींचे अर्क टोचून प्रतिपिंडे वाढली, असे सांगणारे निबंधही अधूनमधून येतात. परंतु त्यांतील बहुतेक ठिकाणी 'अर्क' म्हणजे सगळी खिचडीच असते, आणि क्विल-एपासून क्यूएस-२१ पर्यंतचा प्रवास ज्या कष्टाने झाला तो टप्पा कोणी ओलांडलेला दिसत नाही. बाजारातील रिठा कोणत्या जातीचा, हाच पहिला प्रश्न असतो. दक्षिणेकडील आणि सह्याद्रीतील रिठा वेगळ्या जातीचा, हिमालयाच्या पायथ्याचा वेगळ्या जातीचा, आणि दुकानात दोन्ही एकाच पोत्यात येतात. म्हणून आधी झाडाची खात्रीशीर ओळख पटवून त्याचा नमुना वनस्पतीसंग्रहालयात ठेवायला हवा. मग अंश वेगळे करायचे, प्रत्येक अंशाची तांबड्या पेशी फोडण्याची ताकद आणि प्रतिपिंडे वाढवण्याची ताकद शेजारी शेजारी मोजायची, आणि नव्वद अंश टाकून द्यायची तयारी ठेवायची. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात दर तिमाहीला सांगण्यासारखे काही घडत नाही आणि अनुदानाच्या अर्जात ते आकर्षक दिसत नाही. बहुधा म्हणूनच ते होत नाही.

वास्तविक या कामासाठी पुण्याइतके सोयीचे शहर दुसरे सापडणे कठीण. वनस्पतींची ओळख पटवणारे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र येथे आहे, आघारकर संशोधन संस्था येथे आहे, अंश वेगळे करून रेणूची रचना ठरवणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाणला आहे, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, आणि ज्यांना शेवटी हा घटक लागतो ते लसनिर्मातेही येथेच आहेत. या सर्वांच्या दारांमधील अंतर पीएमपी बसच्या एका दिवसाच्या पासात पार होते. तरीही कोणी एक संस्था हिंगणबेट, शिकेकाई किंवा रिठा यांचे सॅपोनिन-अंश नमुन्यासह जपून ठेवते आणि मागणाऱ्या संशोधकाला देते, अशी व्यवस्था माझ्या ऐकिवात नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार यातील लाभाचा वाटा झाड सांभाळणाऱ्या गावांपर्यंत पोहोचवण्याची तरतूदही आहे, पण वाटा देण्यासारखे काही निर्माण व्हायला आधी हे प्राथमिक काम व्हावे लागेल.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे, की या विषयावर पुढचा लेख लिहिताना त्यांनी लसनिर्मात्यांकडे सॅपोनिनाचा पुरवठा कोठून आणि किती वर्षांच्या कराराने होतो याची चौकशी करावी आणि पाषाणच्या प्रयोगशाळेत देशी सॅपोनिनांवर सध्या किती जण काम करत आहेत हेही विचारावे. तोवर, शक्य असल्यास उद्याच्याच अंकात, रिठ्याचा काढा पिऊ नये ही चार ओळींची सूचना एखाद्या वैद्याच्या नावाने ठळकपणे छापावी. लस न घेण्याचा सल्ला देणाऱ्या संदेशापेक्षा तो संदेश अधिक वेगाने पसरतो आहे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
कोथरूड, पुणे